मुक्ताचा सवाल



आपल्या लोकांना विचार करता येत नाही, असं पूर्वी सर्रास म्हटलं जायचं. पण विचाराला अक्षर लागतं, बोलायची मुभा लागते. जातिव्यवस्थेने दोन्ही अडवून धरलं होतं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या मांग समाजातील मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेदांवर आमचा हक्क नाही, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात केला. शिक्षण जेमतेम तीनेक वर्षांचं! बुद्धी होतीच, शाळेने तिला वाचा दिली.

आज आपल्या घरात मुलीने, सुनेने प्रश्न विचारला की आपण काय करतो? "गप्प बस" म्हणत असू, तर अडवणारे आता आपणच आहोत. निदान विहारात तरी वंदनेनंतर मुलांना, बायांना प्रश्न विचारू देऊ या. जयभीम!