उन्हाळी समजून सोडून देऊ नका



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. ते आता आपल्या मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. आपण पंचेचाळिशीला आलो आणि समोर बसलेले आपले सर-मॅडम सत्तरीला, म्हणून मी मूत्राशयाच्या कर्करोगावर बोलते.

माझ्या मामांना मे महिन्यात लघवीतून रक्त गेलं. दुखलं काहीच नाही. चंद्रपूरचा मे, सगळे म्हणाले, उन्हाळी लागली, ताक प्या. चार दिवसांत लघवी साफ झाली. पुन्हा लाल झाली ती ऐन थंडीत. तेव्हा नागपूरला दुर्बिणीनं तपासलं आणि गाठ निघाली. हा आजार असाच फसवतो: रक्त दिसतं, आपोआप थांबतं, आणि वेदना नसल्यानं माणूस विसरून जातो.

याचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कितीतरी घरांची वह्या-पुस्तकं तेंदूपत्त्याच्या पैशातून आली. त्याच पानाच्या विडीतली विषारी रसायनं फुफ्फुसातून रक्तात जातात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत सोडतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते. खर्रा तोंडाला खातो, हे आपल्याला माहीत आहे. विडी इतक्या खाली पोचते, हे कोणी सांगत नाही.

मामांचा रिपोर्ट मोबाइलवर आला. ‘तू इंजिनिअर, वाचून सांग.’ त्यात ‘की-६७’ असं काही होतं. हे पेशीतलं एक प्रथिन. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरात ते ओळखता आलं. शहराच्या नावातलं ‘की’ आणि प्रयोगाच्या ताटलीतल्या खळग्याचा क्रमांक ६७. विभाजन होत असलेल्या पेशींत ते सापडतं. टक्केवारी जास्त, म्हणजे गाठ वाढण्याचा वेग जास्त.

मामेभावाचा प्रश्न सरळ होता : बाबा किती जगतील? मी म्हटलं, शाळेचा निकाल ऐंशी टक्के लागला, यावरून अमुक मुलगा पास की नापास हे सांगता येतं का? प्रथिनांचे आकडे हजारो रुग्णांचा कल सांगतात, एका माणसाचं भविष्य नाही. त्याहून मोठा प्रश्न असतो, गाठ आतल्या अस्तरातच आहे की स्नायूत शिरली. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत ती निदानाच्या वेळी अस्तरापुरतीच असते. मामांचीही तशीच होती. दुर्बिणीतून ती काढली आणि मूत्राशयात बीसीजी सोडलं. होय, आपल्या दंडावर जिचा व्रण आहे तीच लस. अशा गाठी पुन्हा उगवतात, म्हणून दुर्बिणीची तपासणी ठरावीक काळानं चालूच ठेवावी लागते. लघवीतलं ‘एनएमपी-२२’ हे प्रथिन मोजणारी चाचणी आहे. पण मुतखड्यानं किंवा संसर्गानंही ते वाढतं आणि छोटी गाठ कधी निसटते. त्यामुळे दुर्बीण टळत नाही.

पसरलेल्या आजारातही प्रथिनांनी वाट दाखवली आहे. ‘नेक्टिन-४’ हे प्रथिन या गाठींच्या पेशींवर भरपूर असतं. त्याला नेमकं चिकटून औषध पोचवणारं इंजेक्शन निघालं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत, प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधासोबत ते दिल्यावर रुग्णांचं मध्यक आयुष्य ३१.५ महिने झालं. नेहमीच्या केमोथेरपीत ते १६.१ महिने होतं. पण हे उपचार फार महाग आहेत. आपल्यासाठी स्वस्त उपाय एकच, लवकर जाणं.

मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगते. आपलं रक्त ‘पाळीचं असेल’ किंवा ‘जळजळीचं असेल’ म्हणून मागे पडतं आणि बायकांचं निदान उशिरा होतं. पाळी थांबल्यावर तर असं रक्त मुळीच अंगावर काढू नका.

लघवी एकदा जरी लाल दिसली, तरी तपासणी आणि सोनोग्राफी करा. विडी-सिगारेट ओढत असाल, पूर्वी ओढली असेल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा. सर, तुम्हीसुद्धा! वर्गात तुम्ही आम्हाला खरं बोलायला शिकवलंत; आता डॉक्टरांसमोर तुम्ही बोला.