अंदमानात आपलं कोण होतं?

(युवा शिबिरातील भाषण)



गेल्या डिसेंबरात आम्ही अंदमानला जाऊन आलो. अम्मी, बायको, दोन मुलं आणि मी. निळं पाणी, पांढरी वाळू, काचेच्या तळाची बोट, सगळं मनासारखं झालं. पण आज मी सांगणार आहे ती तिथे माझ्याकडून झालेली चूक.

सेल्युलर जेलच्या तिकिटाच्या रांगेत पुण्याकडचे एक काका भेटले. मराठी ऐकून बोलायला लागले. नाव विचारलं आणि ते ऐकून सहज म्हणाले, "तुमच्यातलं कोणी होतं का हो इथं?"

त्यांच्या मनात वाईट असेलच असं नाही. पण हा प्रश्न तुम्हालाही ओळखीचा आहे. भाड्याचं घर शोधताना, ऑफिसात, ट्रेनमध्ये तो वेगवेगळ्या रूपांत भेटतो. मी ताडकन म्हणालो, "होते ना! मौलाना फजले हक खैराबादी याच जेलच्या कोठडीत वारले." काका "अच्छा" म्हणाले. मला सामना जिंकल्यासारखं वाटलं.

रात्री मुलीने विचारलं, "अब्बा, त्यांची कोठडी कुठली होती? आपण बघितलीच नाही." मी मोबाइल उघडला आणि वरमलो. जेलचं बांधकाम १८९६ ला सुरू होऊन १९०६ ला संपलं. मौलाना अंदमानात वारले १८६१ मध्ये. तेव्हा ही इमारतच नव्हती. कुठल्या तरी फॉरवर्डमध्ये वाचलेलं मी पुढे ढकललं होतं.

मग खरं काय ते वाचत बसलो. १८५७ चा उठाव मोडल्यावर मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी इथे कैद्यांची वसाहत सुरू केली. पहिल्या तुकडीत दोनशे कैदी होते. भिंतीची गरज नव्हती, समुद्रच भिंत होता. बेड्या घालून जंगल तोडायला लावायचे. ताप आणि उपासमारीने माणसं भराभर मेली. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. बहुतेकांची नावं कुठल्याच संगमरवरी फलकावर नाहीत. पुढे १९२१ च्या मलबारच्या उठावानंतर मोपला कैदी आले. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. त्यांनी वसवलेल्या एका गावाचं नाव कालिकत आहे.

दुसऱ्या दिवशी रॉस बेटाची बोट पकडायला गेलो. धक्क्याजवळ एक छोटं स्मारक आहे. तिथे फारसं कोणी थांबत नाही. ते अ‍ॅबर्डीनच्या लढाईचं आहे. आपलं जंगल तोडलं जातंय हे पाहून ग्रेट अंदमानी लोकांनी मे १८५९ मध्ये धनुष्यबाण घेऊन वसाहतीवर हल्ला केला. पण इंग्रजांना आधीच खबर मिळाली होती. ती दिली दूधनाथ तिवारी नावाच्या पळालेल्या कैद्याने. अंदमानी लोकांनी त्याला वर्षभर आपल्यात ठेवलं होतं, तिथे त्याचं लग्नही झालं होतं. खबरीच्या बदल्यात त्याला माफी मिळाली. नंतर बाहेरून आलेल्या रोगांनी, विशेषतः १८७७ च्या गोवराने, ती माणसं संपत गेली. वसाहत आली तेव्हा ती काही हजार होती. आज पन्नासच्या आसपास उरली आहेत.

त्या स्मारकापुढे मला काकांचा प्रश्न पुन्हा आठवला. 'तुमच्यातलं कोणी होतं का?' अंदमानी माणसाने हाच प्रश्न आपल्या सगळ्यांना विचारला तर? आपल्यातले होते, हो. बेड्यांतही होते आणि त्यांचं जंगल तोडणाऱ्या हातांतही. कैद्याने ते स्वखुशीने केलं नाही, पण घर गेलं ते त्यांचंच.

दोस्तांनो, मी मौलानांना पावतीसारखं वापरलं. या देशात राहण्याचं भाडं भरल्याची पावती. ते भाडं आपल्याला कोणी लावलेलं नाही. नागरिकत्व आपल्याला संविधानाने दिलंय, मेलेल्यांची यादी दाखवून ते मिळवायचं नाही. इतिहास जरूर सांगा, पण खरा सांगा आणि पूर्ण सांगा. एका खोट्या कोठडीमुळे आपल्या दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास उडतो.

तुम्ही अंदमानला जा. पोहा, मासे खा, फोटो काढा. आनंद करण्यात गुन्हा नाही. जेलमध्ये नावं वाचताना आपल्या आडनावापाशीच थांबू नका, सगळी वाचा. आणि बोटीत बसण्याआधी त्या छोट्या स्मारकापाशी पाच मिनिटं उभे राहा.

काका परतीच्या विमानात पुन्हा भेटले. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं." आणि मग दोघांनाही बोलायला पुष्कळ वेळ होता.