लेखक बदलला, तरी वेताळ आमचाच

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावर झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या एक-दोन गोष्टी इथे घातल्या आहेत.)



भाषणात सारखं 'आम्ही, आम्ही' येईल, त्यात मोठेपणा काही नाही. आम्ही सराफ्यात वाढलेले चार मित्र. बोलणारा एक असला तरी हे चौघांनी मिळून, भांडून लिहिलं आहे.

विषय ऐकून काही काकांनी कपाळाला हात लावला, हे आम्ही इथून पाहिलं. गणेशोत्सवात कॉमिक्सवर भाषण? पण काका, जरा थांबा. तुमच्या उशीखाली कोणता अंक असायचा, ते काकूंनी आम्हाला सांगितलं आहे.

आमच्या लहानपणी सराफ्याचे दिवसाला दोन जन्म असत, आजही असतात. दिवसा सोन्या-चांदीचा काटा. रात्री आठ-नऊला दुकानांची शटरं पडली की त्याच ओटल्यांवर भुट्ट्याचा कीस, दहीवडे, गराडू आणि ताटाएवढा जलेबा. मोठी माणसं सांगत, या खाऊवाल्यांमुळे रात्रभर वर्दळ राहते आणि सोन्याच्या दुकानांची आपोआप राखण होते. एकच ओटला, मालक दोन, आणि दोघांनाही तो आपलाच वाटतो. हे लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

अशाच एका ओटल्यावर, दिव्याच्या उजेडात, आम्ही इंद्रजाल कॉमिक्स वाचली. खजुरी बाजारातून जुने अंक आणायचे, नाहीतर चार आणे रोज किरायाने घ्यायचे. एक वाचणार आणि तीन डोकी खांद्यावरून डोकावणार. पान लवकर उलटलं की भांडण. इंदुरात बहुतेक अंक हिंदी मिळत, म्हणून वेताळाचा घोडा आमच्यासाठी 'तूफान' आणि लांडगा 'शेरा'. मुंबईला मामाकडे गेलं की मराठी अंक हाती पडत.

इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला, तोच मुळी वेताळाचा. वेताळाचा जन्म मात्र त्याआधीचा. अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत त्याला आणलं. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांनीच जादूगार मँड्रेक निर्माण केला होता.

वेताळाची मूळ गोष्ट आमच्या पिढीला तोंडपाठ आहे, बालमित्रांसाठी थोडक्यात सांगतो. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एक जहाज लुटलं. त्यातून एकच तरुण वाचून किनाऱ्याला लागला. बापाला मारणाऱ्याची कवटी हातात धरून त्याने शपथ घेतली की आयुष्यभर चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्याय यांच्याशी लढेन, आणि माझ्यामागे माझी मुलंही हेच करतील. तेव्हापासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं, चारशे वर्षं एकच माणूस फिरतो आहे, तो अमर आहे. आपण वाचकांना तेवढं माहीत असतं की हा एकविसावा.

आता गंमत पाहा. ही गोष्टच मुळी वारशाची आहे, पण लिहिणाराही कधी बदलेल हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. जंगलातल्या लोकांसारखे आम्हीही भाबडे! चित्रकार तर बदलतच होते. आधी रे मूर, मग विल्सन मॅकॉय, आणि १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी. आपल्या डोळ्यांसमोर जो वेताळ येतो तो बहुधा साय बॅरींचा. लेखक मात्र ६३ वर्षं एकच. १३ मार्च १९९९ रोजी ली फॉक गेले. तोवर इंद्रजालही बंद पडून नऊ वर्षं झाली होती.

त्यांच्यानंतर कोण? टोनी डीपॉल आणि स्वीडनचे क्लेस रायमर्थी या दोघांनी लेखन हाती घेतलं, पुढे ते एकट्या डीपॉल यांच्याकडे राहिलं. हे दोघे आभाळातून पडले नव्हते. स्वीडनमध्ये वेताळाचं स्वतंत्र नियतकालिक १९५० पासून निघतं, तिथल्या गोष्टी लिहून त्यांचा हात बसला होता. म्हणजे मूळ लेखक हयात असतानाच पुढचे लेखक तयार होत होते. हा मुद्दा आम्ही अधोरेखित करून ठेवला आहे.

नवा लेखक आला की चाहत्याला काय वाटतं? आम्ही चौघांनी प्रामाणिकपणे यादी केली. पहिलं वाटतं, काही बदलू नको. दुसरं वाटतं, तेच तेच पुन्हा सांगू नको. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि दोन्ही एकाच माणसाला वाटतं. बिचाऱ्या लेखकाने करायचं काय?

'काही बदलू नको' म्हणणाऱ्यांनी एक आठवावं. सगळ्यात मोठा बदल खुद्द ली फॉक यांनीच केला होता. चाळीस वर्षं ताटकळत ठेवलेल्या डायनाशी त्यांनी १९७७ मध्ये वेताळाचं लग्न लावलं, आणि १९७९ मध्ये जुळी मुलं दिली, किट आणि हेलोईस. आमच्यातला एक तेव्हा रुसला होता. संसारी वेताळ त्याला पटेना. आता तोच आजोबा होऊन हेलोईसचं कौतुक करतो.

आता आपल्या मातीकडे येतो. डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालने आपला देशी नायक आणला, बहादुर. लेखक आबिद सुरती, चित्रकार गोविंद ब्राह्मणिया. चंबळच्या डाकूचा मुलगा पुढे डाकूंविरुद्धच उभा राहतो, गावकऱ्यांचं नागरिक सुरक्षा दल बांधतो. चंबळ म्हणजे आमच्याच मध्य प्रदेशातली. तिथल्या बातम्या घरी वर्तमानपत्रात यायच्या, त्यामुळे बहादुर आम्हाला शेजारचा वाटे. पुढे बहादुरच्या गोष्टी जगजीत उप्पल लिहू लागले. सांगायला लाज वाटते, पण आम्हाला तेव्हा ते कळलंही नाही. लेखकाचं नाव वाचण्याइतका धीर कोणाला होता! कळलं नाही ही एका अर्थी नव्या लेखकाला पावतीच म्हणायची.

धाकट्या भावंडांचा मामला वेगळा. त्यांचा देव नागराज. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये तो आणला. कथा परशुराम शर्मा यांची आणि चित्रं पुण्याच्या प्रताप मुळीक यांची, अमर चित्रकथेतून आपल्याला ठाऊक असलेले तेच मुळीक. दिल्लीच्या हिंदी नायकाला चेहरा दिला पुण्याच्या माणसाने, हे आपल्यासारख्या हिंदी मुलखातल्या मराठी लोकांना किती जवळचं! हा नागराज दहशतवाद्यांना विकण्यासाठी घडवलेलं हत्यार असतो. बाबा गोरखनाथ त्याला सोडवतात आणि तो दहशतवाद संपवण्याची प्रतिज्ञा करतो. पुढे नव्वदच्या दशकात नागराज अनुपम सिन्हा यांच्याकडे गेला. देशोदेशी भटकणारा नागराज महानगरात राहू लागला, 'राज' नावाने नोकरीधंद्याचं आयुष्यही जगू लागला. झालं! ओटल्यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे मुळीकांचा नागराजच खरा, दुसरा म्हणे अनुपमजींनी त्याला माणूस केलं. ते भांडण आजही कचोरी खाताना निघतं. पण प्रतिज्ञा तीच राहिली, म्हणून दोन्ही पक्ष वाचत राहिले.

आणखी एक उदाहरण, अस्सल मराठी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. अंगात कसली अद्भुत शक्ती नाही, सायकल आहे आणि तोंडी 'ट्टॉक' आहे. २०१७ मध्ये त्याचा चित्रपट आला तेव्हा आम्ही धास्तावूनच गेलो. बनेश वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसणारा तरुण, हातात मोबाईल. पण त्या नव्या लेखकांनी एक छान गोष्ट केली. खुद्द भा. रां.नाच कथेत पात्र म्हणून आणलं, आणि दिलीप प्रभावळकरांनी ते काम केलं. वारसा घेताना मूळ माणसाला पाटावर बसवलं. आमचा अर्धा राग तिथेच गेला.

आता घरची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं पुराण लावलं.

आपल्या मंडळाचं बालनाट्य तुम्हाला ठाऊक आहे. एक खोडकर मुलगा, दरवर्षी तोच, दरवर्षी नवं संकट. अनेक वर्षं एकाच काकांनी ते लिहिलं. काका गेले आणि दोन वर्षं नाटक झालंच नाही. तिसऱ्या वर्षी आपल्याच मुलामुलींनी नवं नाटक लिहून आणलं. त्यात तो खोडकर मुलगा नव्हता, त्याची बहीण होती. निम्मे संवाद आपल्या इंदुरी हिंदीत, 'भिया'सकट. बैठकीत आम्ही काय केलं? पहिली तीन पानं ऐकली आणि म्हणालो, "हे काकांचं नाही." मुलं वह्या मिटून निघून गेली. त्या वर्षीही नाटक झालं नाही.

चूक आमची होती. ती कशी उमगली तेही सांगतो, कारण ते मँड्रेकमुळे उमगलं. ली फॉक गेल्यावर मँड्रेकचं लेखनही चित्रकार फ्रेड फ्रेडरिक्स यांनीच सांभाळलं. २०१३ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा गोष्ट अर्धी होती. ती तशीच राहिली आणि जुन्या पट्ट्या पुन्हा छापायला सुरुवात झाली. पुढे लिहायला कोणी नव्हतं. आमच्या मित्राने हे सांगितलं तेव्हा चौघेही जरा वेळ गप्प बसलो. नवा लेखक वाईट निघेल याची आपल्याला केवढी भीती! त्याहून वाईट हे, की नवा लेखकच नसेल. आपल्या बालनाट्याचा मँड्रेक आम्हीच केला होता.

आपलं गाव याबाबतीत शहाणं आहे. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, सगळ्यांचे भोंगे थांबले. तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री मिलच्या नावाने झांकी निघतेच. मिल नाही, पगार नाही, देखावे नवे, दिवे नवे. तरी रस्त्याच्या कडेला पोरं मांडीवर घेऊन बसलेलं इंदूर म्हणतं, "हुकुमचंदची झांकी आली!" झांकी दिव्यांमुळे जुनी होत नाही की नवी होत नाही. ती निघते, हे महत्त्वाचं.

मग चाहत्यांनी नव्या लेखकाकडे मागायचं तरी काय? आमच्या मते तीनच गोष्टी. शपथ मोडू नकोस. आधीच्यांची आठवण ठेव. आणि आम्हाला जे सुचलं नसतं ते सांग. टोनी डीपॉल यांनी गेल्या काही वर्षांत म्हाताऱ्या मॉझच्या भविष्यवाणीची दीर्घ कथा लिहिली. एका कैदी स्त्रीला सोडवायला गेलास तर तुझा वंशच खुंटेल, असं वेताळाला सांगितलं जातं. वारसा संपला तर काय, हा प्रश्न आमच्या ओटल्यावर कोणी विचारला नव्हता. तो नव्या लेखकाने विचारला, आणि साठी ओलांडलेले आम्ही पुन्हा रोज पुढच्या पट्टीची वाट पाहू लागलो.

आणि चाहत्यांनी द्यायचं काय? निदान शेवटचं पान येईपर्यंत गप्प बसायचं. तीन पानांवर निकाल द्यायचा नाही.

म्हणून आज या व्यासपीठावरून आम्ही त्या मुलामुलींची माफी मागतो. तुमची वही परत आणा. या वेळी आम्ही शेवटपर्यंत ऐकू. खोडकर मुलाची बहीण चालेल, 'भिया' चालेल. एवढंच करा, काकांच्या नाटकात शेवटी सगळे मिळून बाप्पासमोर खरं बोलायचे, ते ठेवा. ती आपल्या नाटकाची शपथ आहे. बाकी ओटला तुमचा. दिवसाचं दुकान आम्ही चालवलं, आता रात्र तुमची, आणि तुमच्या वर्दळीमुळेच आमच्या सोन्याची राखण होणार आहे.

काका, तुमचा तो अंक वाचून झाला असेल तर आम्हाला द्या.

गणपती बाप्पा मोरया!