जुन्या मुखपृष्ठांवरील घोडे



सेवानिवृत्त शिक्षकानें वेळ कसा घालवावा याविषयीं आमच्या गांवांत दोनच मतें आहेत. कोणी म्हणतात हरिपाठ म्हणावा, कोणी म्हणतात शेतावर जाऊन बसावें. मी या दोहोंपैकीं एकहि न करतां अमरावती व अकोला येथील रद्दीच्या दुकानांतून मुलांच्या जुन्या पुस्तकांचीं मुखपृष्ठें धुंडाळीत असतों, आणि त्यांतहि ज्यांवर घोडा असेल तीं विशेषेंकरून. माझ्या सुनेनें या छंदास 'बाबांचा घोडेबाजार' असें नांव ठेविलें आहे. परंतु या छंदाच्या मुळाशीं माझ्याच हातून घडलेली एक चूक आहे, ती प्रथम सांगितली पाहिजे.

मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. प्रथम दर्यापूर तालुक्यांत व पुढें अकोल्याच्या बाजूस, खेड्यांतील शाळांत माझी सारी नोकरी झाली. त्यांपैकीं एका शाळेंत ग्रंथालयाचें कपाट माझ्या स्वाधीन होतें. दोनशें-सवादोनशें पुस्तकें, बहुतेक पातळ, मुलांचीं, तारेनें टांचलेलीं. मुलांच्या हातीं पुस्तक गेलें म्हणजे तीन महिन्यांत त्याचें मुखपृष्ठ लोंबूं लागतें. म्हणून एका उन्हाळ्याच्या सुटींत मीं तीं सारीं बाइंडराकडे नेलीं. त्यानें फाटकीं मुखपृष्ठें काढून टाकिलीं, पानें दोऱ्यानें शिवलीं, दोहों बाजूंस पुठ्ठा घातला आणि वर खाकी कापड चढविलें. पाठीवरचे क्रमांक मीं स्वतः पांढऱ्या रंगानें घातले. कपाट उघडलें कीं पलटण कवाइतीस उभी आहे असें वाटे. तपासणीस आलेल्या साहेबांनीं शेरेबुकांत उत्तम शेरा लिहिला, आणि तो मीं कित्येक दिवस लोकांस वाचून दाखविला, हें आज सांगतांना लाज वाटते.

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षीं अमरावतीच्या एस्. टी. स्थानकावर एका कंडक्टरानें मला वाकून नमस्कार केला. माझा जुना विद्यार्थी. तिसरींत आला तरी ज्यास जोडाक्षर वाचतां येत नव्हतें असा. क्षेमकुशल झाल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, थे पांढऱ्या घोळ्याचं पुस्तक हाय काय अजून शाळेत? त्या घोळ्यापायीच तं मी वाचाले शिकलो." मीं पुस्तकाचें नांव विचारिलें, त्यास ठाऊक नव्हतें. लेखक? तेंहि नाहीं. गोष्ट? एक मुलगा होता, किल्ला होता, आणि घोडा रात्रीचा धांवत होता. नांव, लेखक, गोष्ट सारें विसरून त्याच्या डोळ्यांपुढें एक मुखपृष्ठ तेवढें उरलें होतें.

पुढल्याच आठवड्यांत मी त्या शाळेंत गेलों. पलटण तशीच उभी होती. एकेक पुस्तक उघडून पाहिलें. मुलगा, किल्ला व घोडा असलेल्या कथा अकरा निघाल्या. त्यांपैकीं पांढरा घोडा कोणत्या पुस्तकावर होता, हें सांगणारा कागदाचा कपटाहि मीं शिल्लक ठेविला नव्हता.

इंग्लंडांत मुलांसाठीं लिहिलेल्या घोड्यांच्या, आणि विशेषतः तट्टांच्या कथांची एक स्वतंत्र शाखाच आहे. अ‍ॅना स्यूएल या बाईंची १८७७ सालची 'ब्लॅक ब्यूटी' ही घोड्यानें स्वमुखें सांगितलेली आत्मकथा. तिला या शाखेची आजी म्हणावी. जोआना कॅनन यांचें 'अ पोनी फॉर जीन' १९३६ सालीं निघालें, आणि पुढें त्यांच्या तिघी लेकींनीं हा धंदा जोमानें चालविला. हीं पुस्तकें जमविणारे लोक तिकडे पुस्तकापेक्षां त्यावरील कागदी वेष्टनास अधिक जपतात, आणि सही नसली तरी घोड्याच्या ठेवणीवरून चित्रकार ओळखतात, असें माझ्या वाचनांत आलें. तेव्हां मला धीर आला. ज्यांचें हरवलें आहे तें शोधणारे वेडे जगांत आणखीहि आहेत!

आपल्याकडे तट्टावर बसून हुंदडणारीं मुलें नाहींत. वऱ्हाड हा तर बैलांचा मुलूख. पोळ्यास आम्ही बैल सजवितों. घोडा पाहिला तो टांग्यास जुंपलेला, नाहीं तर नवरदेवाच्या खालीं. मराठी मुलांच्या पुस्तकांत घोडा शिरला तो इतिहासाच्या वाटेनें. शिवाजीमहाराज, पहिले बाजीराव, झांशीची राणी यांचीं चरित्रें, मावळ्यांच्या व जासुदांच्या गोष्टी, आणि जोडीला राजपुत्रांच्या अद्भुत कथा: यांच्या मुखपृष्ठावर घोडा नसेल तर पुस्तक विकत नसे कीं काय, असा माझा संग्रह पाहून कोणासहि संशय यावा.

मुलांसाठीं छापण्याची आपली परंपरा जुनी आहे. 'बालबोधमेवा' १८७३ सालचा, वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ सालचा. आणि आमच्या विदर्भांत नागपूरचें 'मुलांचें मासिक' होतेंच. जुन्या पुस्तकांचीं मुखपृष्ठें मात्र पुष्कळदां साधीं असत. रंगीत कागद, भोंवतीं छापखान्यांतल्याच वेलबुट्टीच्या खिळ्यांची चौकट आणि मध्यें नांव. स्वातंत्र्याच्या आगेंमागें ज्यांनीं या चौकटी मोडून मुखपृष्ठाचें राज्य केलें ते मुख्यतः दोघे: दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर. दोघेहि मूळचे गोमंतकांतले, दोघांचीहि कर्मभूमि मुंबई. दलालांचा जन्म १९१६ चा, मुळगांवकरांचा १९१८ चा. दलाल १९७१ सालीं गेले, मुळगांवकर १९७६ सालीं. दलालांनीं १९४५ सालीं 'दीपावली' अंक काढिला, हें अनेकांस ठाऊक असेल.

सही असेल तर ओळखण्यांत पुरुषार्थ नाहीं. पण मुखपृष्ठाचा खालचा कोपराच नेमका आधीं फाटतो, आणि सही असते ती तेथेंच! मग घोड्याकडेच पाहावें लागतें. माझ्या अनुभवानें दलालांचा घोडा रेषेनें उभा राहतो. मानेची कमान एका दमांत ओढलेली, आयाळ मशालीच्या ज्वाळेसारखी, आणि टापांखालची धूळ कुंचल्याच्या चार फटकाऱ्यांत. घोड्याचे सांधे मोजावयास गेलांत तर कदाचित् चूक सांपडेल. परंतु तो धांवत नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. मुळगांवकरांचा घोडा निराळा. त्याचें अंग तुकतुकीत, छायाप्रकाश इतका हळुवार मिसळलेला कीं कुंचला कोठें टेकला हें दिसूं नये; पाठीमागें फवाऱ्यानें उडविलेल्या रंगाचें धुकें. आणि डोळा! त्यांच्या नायिकांचे डोळे ज्यांनीं पाहिले असतील त्यांना त्यांच्या घोड्याचा डोळा लगेच ओळखूं येईल. आमच्या लहानपणीं या दोघांवरून पोरांत तट पडत. मी तेव्हां मुळगांवकरांच्या बाजूचा होतों. वय वाढलें तसा दलालांकडे झुकलों.

तिसरी जात 'चांदोबा'च्या घोड्यांची. हें मासिक मद्रासेहून निघे. त्याची मराठी आवृत्ति १९५२ पासून येऊं लागली. त्यांत वड्डादि पापय्या यांचीं मुखपृष्ठें आणि शंकर यांचीं आंतील चित्रें. तो घोडा दागिन्यांनीं मढलेला, भरदार छातीचा, देवळाच्या खांबांतून निघून आल्यासारखा. सहीचें पान गेलें तरी या घोड्याचा मुलूख लपत नाहीं.

चित्रकार ओळखला तरी काल ठरवावयाचा राहतोच, कारण एकच चित्र दोन-दोन, तीन-तीन आवृत्त्यांवर येतें. येथें मास्तरकीचा उपयोग होतो. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १ एप्रिल १९५७ च्या पूर्वींचें. 'नये पैसे' असतील तर त्यानंतरचें व १९६४ च्या आंतबाहेरचें. प्रकाशकाच्या पत्त्यांत 'पुणें २' किंवा 'मुंबई ४' एवढेंच असेल तर तें सामान्यतः १९७२ च्या आधींचें, कारण सहा आंकडी पिनकोड त्या वर्षीं आला. शाळेच्या शिक्क्यावर मध्यप्रदेश असेल तर पुस्तक आमच्याकडे १९५६ पर्यंत येऊन पोहोंचलेलें होतें, कारण तोंवर आम्ही त्या राज्यांत होतों. नांवावरील अनुस्वारहि साक्ष देतात. १९६२ सालीं शासनानें मान्य केलेल्या लेखननियमांनीं हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकिले. माझ्या वडिलांनीं पाटीवर गिरविलेले ते अनुस्वार मला मात्र अजून सोडवत नाहींत. शाळेंत नियमानें शिकविलें, घरीं जुनेंच लिहिलें.

आणखी एक खूण आहे. मुखपृष्ठ उलटें करून बोट फिरवावें. ठशांवर छापलेलें असेल तर अक्षरांचा दाब मागें किंचित् उमटलेला लागतो. पुढें ऑफसेटवर छापलेली आवृत्ति पाठीमागून गुळगुळीत असते. भिंगाखालीं धरलें तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात, आणि ठसा जरा सरकला असेल तर घोड्याच्या पाठीमागें त्याचीच तांबडी सांवली पळतांना दिसते. माझ्याजवळ एका राणीच्या चरित्राचें मुखपृष्ठ आहे, त्यांत घोडा चौकटीच्या आंत व त्याचा रंग चौकटीच्या बाहेर आहे. मला तें फार आवडतें.

एवढें कौतुक केल्यावर एक तक्रारहि करतों. या साऱ्या मुखपृष्ठांवरील घोडे फार उंच आहेत! मराठ्यांचें घोडदळ ज्यावर दौडलें तें भीमथडीचें तट्टू ठेंगणें, काटक, थोडक्या चाऱ्यावर मजल मारणारें. भीमेच्या खोऱ्यांतील ही जात कर्नालच्या राष्ट्रीय पशुसंस्थेनें अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. आमच्या चित्रकारांनीं मात्र स्वाराखालीं अरबी किंवा विलायती शर्यतीचा घोडा दिला. त्यांस दोष तरी कसा द्यावा? मुंबईंत राहून डोळ्यांसमोर घोडा येणार तो शर्यतीचा, नाहीं तर पुतळ्याचा. पुण्यास १९२८ सालीं उभारलेला करमरकरांचा शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा डोळ्यांपुढें ठेवून काढलेले घोडे तर मला ठिकठिकाणीं भेटतात. तरी मुलगा खडा सवाल करतो: या एवढ्या घोड्यानें रायगडाच्या घाटांत वळण कसें घेतलें? वर्गांत हा प्रश्न मला एका मुलीनें खरोखरच विचारला होता. माझ्या सव्वातीनशें मुखपृष्ठांत खरें तट्टू म्हणावें असें फक्त चौघांवर आहे, आणि त्यांपैकीं तिहींवर चित्रकाराचें नांव नाहीं.

चौथें कसें मिळालें तें सांगतों. गेल्या वर्षीं अकोल्याच्या जुन्या शहरांत एका रद्दीवाल्याकडे वह्यांचा ढीग आला होता. त्यांत एक बांधीव रजिस्टर होतें. पावसानें भिजून त्याचा पुठ्ठा सुटलेला. पुठ्ठ्याच्या आंतल्या बाजूस अस्तर म्हणून चिकटविलेला कागद रंगीत दिसला. बाइंडर लोक नवा कागद वाया घालवीत नाहींत. हाताशीं जी रद्दी असेल तीच अस्तरास लावतात. माझ्याच पुस्तकांचीं मुखपृष्ठें अशींच कोठें तरी, कोणाच्या तरी जमाखर्चाच्या पाठीशीं बसलीं असतील, हें इतक्या वर्षांत माझ्या ध्यानींच आलें नव्हतें.

दहा रुपयांस तो पुठ्ठा घेऊन घरीं आलों. बाइंडराची खळ कणकेची किंवा मैद्याची असते, कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालतात. कोमट पाण्याचें ओलें फडकें दोन तास वर ठेविलें, मग तांदळाच्या दाण्याएवढें एकेक टोंक उचलीत गेलों. रात्रीं साडेबारास कागद सुटला. अर्धेंच चित्र होतें. पांढऱ्या घोड्याचा मागचा भाग, उडालेलें शेपूट, आंखूड भक्कम पाय, वर निळी रात्र आणि बुरुजाची कड. मुलाच्या पायाचा एक तळवा. नांव नाहीं, सही नाहीं, किंमत नाहीं. टापांखालची धूळ चार फटकाऱ्यांत, म्हणून मला दलालांचा संशय आला. पण दलालांचा घोडा इतका ठेंगणा मीं आजवर पाहिलेला नाहीं.

तो कागद दोन पुठ्ठ्यांत घालून मी अमरावतीस नेला. कंडक्टराची फेरी दर्यापूरहून यावयाची होती. गाडी लागली, उतारू उतरले, तो हात पुसून जवळ आला. त्यानें चित्र हातीं घेतलें, उन्हाकडे धरिलें, आणि बराच वेळ कांहींच बोलला नाहीं. मागची गाडी शिंग वाजवूं लागली.

"रात्र हेच होती, गुरुजी," तो म्हणाला. "बुरूज बी हाच. पण आपला घोळा तिकळे तोंड करून पयत होता, इकळे नाही."

मग त्यानें तो कागद पुन्हा नीट पुठ्ठ्यांत ठेविला व मला परत दिला. येत्या रविवारीं मी अकोल्यास जाणार आहें. त्या रद्दीवाल्याकडे त्याच ढिगांतलीं आणखी सात रजिस्टरें पडलीं आहेत. तीं दुसऱ्या कोणास देऊं नको, असें त्यास सांगून ठेविलें आहे.