स्कूल बोर्डें गेलीं, शाळा कोणाच्या?
(शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



म्हातारीं माणसें अजून ‘बोर्डाची शाळा’ म्हणतात. तें बोर्ड मोडून साठ वर्षांवर काळ लोटला. तें मोडलें तेव्हां त्याच्या पदरचें काय कोणाच्या हातीं गेलें, त्यांत रयतेचें काय साधलें आणि काय हुकलें, एवढेंच आज आम्ही सांगणार आहों.

पैसा मुळांत आपला. इंग्रजी अमलांत मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकलफंड म्हणून घेत, व त्यांतला कांहीं भाग शाळांना जाई. पट्टी भरणाराचा पोर मात्र गुरांमागें! 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुल्यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें, कीं रयतेच्या पैशावर वरचे वर्ग शिकतात. आणि बारा वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचें करा असें मागितलें. पुढें 1923 च्या कायद्यानें प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या व स्कूल बोर्डें निघालीं. 1947 च्या कायद्यानें तीं जिल्ह्याजिल्ह्यांत कायम झालीं. रस्ते व दवाखाने लोकल बोर्डाकडे, शाळा स्कूल बोर्डाकडे. रयतेला झिजवायला उंबरे दोन.

1 मे 1962 रोजीं हीं दोन्ही बोर्डें गेलीं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला होता, त्याप्रमाणें जिल्हा परिषदा सुरू झाल्या. विदर्भांतल्या जनपद सभाही तेव्हांच गेल्या. मराठवाड्यांत शाळा सरकार स्वतः चालवीत असे, त्याही परिषदांकडे आल्या. मास्तर, इमारती, दप्तर, देणेंघेणें, सारें एका दावणीला बांधलें गेलें.

हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. मतपेटींतून शेतकऱ्यांचीं पोरें सभापतींच्या खुर्च्यांवर बसलीं, ही थोडकी गोष्ट नव्हे. जुनीं बोर्डें परत आणा असें म्हणणाराच्या पंगतीला आम्ही बसणार नाहीं.

पण हुकलें तेंही ऐका. शाळेसाठीं निराळें बोर्ड होतें, तेव्हां त्याच्या सभासदांना दुसरें काम नव्हतें. आतां शिक्षण ही अनेक समित्यांतली एक समिती. बांधकामासाठीं जशी झुंबड उडते तशी शिक्षणासाठीं उडत नाहीं. कां, तें आम्हीच सांगावें असें नाहीं. परिषदेलाही साऱ्यावर पट्टी आहे, पण तिचा संसार चालतो मुंबईहून येणाऱ्या अनुदानावर. ज्याच्या हातीं पळी, त्याच्याच तोंडाकडे मग सारे पाहतात.

आणि घर एकच झालें, म्हणजे कुलूपही एकच. 2022 सालीं पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका झाल्या नाहींत, आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथें प्रशासकांनीं कारभार पाहिला. शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, कशाचेंही गाऱ्हाणें न्या, निवडून दिलेला माणूस समोर नाहीं. त्याच काळांत, 2023 सालीं, वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढाव्या असा विचार सरकारनें पुढें आणला व जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविले. म्हणजे बोर्ड परिषदेंत गेलें, आतां वाडीची शाळा दुसऱ्या गांवच्या शाळेंत!

शाळा कोणाची, हा प्रश्न येथें येतो. अनेक गांवीं तिची जागा गांवकऱ्यांनींच दिलेली आहे. शाळा हलली तर ती जागा कोणाच्या नांवावर राहील? सहा वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून नेणारी गाडी कोण देणार, आणि तिचें भाडें किती वर्षें भरणार? पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत असावी, असें शिक्षणहक्काचे नियम सांगतात. त्याच 2009 च्या कायद्यानें प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यांत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि निम्म्या जागा बायांच्या. सभेच्या दिवशीं मजुरी बुडते हें आम्ही जाणतों. तरी घरटीं एकानें जावें, आणि बायांनीं आधीं जावें, कारण पोरीची पायपीट त्यांना ठाऊक. जागेचा उतारा, सातबारा असो कीं ग्रामपंचायतीचा नमुना 8, आधींच काढून ठेवावा. हे प्रश्न तोंडीं विचारून परत येऊं नका. मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असतो. त्याला तें सारें इतिवृत्तांत लिहावयास लावा, लिहिलेलें मोठ्यानें वाचून घ्या, आणि मगच खालीं सही किंवा अंगठा करा.