शिकणाऱ्याच्या चुलीचा प्रश्न



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही घेतलेला विषय वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयास फारसा रम्य नाही. बेकार प्रौढ माणूस एखादा हुन्नर शिकू पाहतो, तेव्हा त्याच्या घरची चूल कोणी पेटती ठेवावी, असा हा प्रश्न आहे. परंतु पुंडलिकनगरात तो मांडताना संकोच वाटण्याचे कारण नाही. जवळच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, जालना रस्त्याने पुढे शेंद्रा, शहराच्या पलीकडे वाळूज. तेथल्या कारखान्यांच्या पाळ्यांवर आपल्याकडील कितीतरी घरांचे दिवस ठरतात. काम सुटले म्हणजे घरात काय होते, हे येथे कोणाला समजावून द्यावे लागत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बेकार म्हणजे रिकामा, असे बाहेरून पाहणारास वाटते. प्रत्यक्षात गरीब माणसाला रिकामे बसणे परवडतच नाही. तो सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा राहतो, भाड्याची रिक्षा चालवतो, घरोघर सामान पोचवतो. त्याची बायको चार घरची धुणीभांडी धरते. अशा माणसाला वेल्डिंग शिकावेसे वाटले, यंत्रावर हात बसवावासा वाटला, तर वर्गाची फी ही त्याची पहिली अडचण नसते. सहा महिन्यांची बुडणारी मजुरी हीच त्याची खरी फी. आणि ती कोणत्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

पूर्वी आपल्या या शहरात हिमरूचे माग जोरात चालत, तेव्हा शिकणारा पोरगा घरचे खाऊन किंवा उस्तादाच्या पदरी राहून हात तयार करी. पोरवयात ते जमून जाई. पण दोन लेकरांच्या बापाला कोण पदरी घेणार? ती उस्तादाची जागा आज सरकारने घ्यावयाची आहे, आणि त्या आधाराचे नाव विद्यावेतन. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. विद्या मिळवण्याचे श्रम हेही श्रमच होत, म्हणून त्यांचे वेतन. त्या माणसासाठी समाजाने विकत घेतलेला वेळ, एवढाच त्याचा अर्थ. घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे त्यात काही नाही.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना लाखो हातांना उपयोगी पडली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो अंमलात आला. काम मागणारास शाळेचा दाखला कोणी विचारला नाही. हाताला काम देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, एवढे आपण तेव्हा मान्य केले. त्या हातात कौशल्य घालणे हे त्याच कर्तव्याचे पुढचे पाऊल नव्हे काय?

ते पाऊल टाकण्याचे यत्न झालेले आहेत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने उमेदवारास विद्यावेतन देणे कारखान्यांवर बंधनकारक केले. २०१९ च्या सुधारित नियमांत तर पाचवी ते नववी शिकलेल्यासही दरमहा किमान ५,००० रुपये ठरवण्यात आले. पुढे २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. अठरा ते पस्तीस वयाच्या उमेदवारास कार्यालयात वा कारखान्यात सहा महिने प्रशिक्षण, आणि विद्यावेतन थेट बँकेच्या खात्यात : बारावी झालेल्यास ६,००० रुपये, आयटीआय वा पदविका असलेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,०००. २०२५ मध्ये मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढवली गेली. योजनेमागचा हेतू चांगला, हे आम्ही मोकळ्या मनाने सांगतो. आणि म्हणूनच तिच्या तीन उणिवांकडे बोट दाखवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट रकमेची. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर ६,००० रुपयांचे दिवसाला सुमारे २३० होतात. त्याच २०२४-२५ साली ग्रामीण रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे माती खणणारास जे मिळे त्याहून शिकणारास कमी! या रकमेत आईबापांच्या घरी राहणारा मुलगा शिकू शकेल. घर चालवणारा माणूस शिकू शकणार नाही.

दुसरी गोष्ट दाराची. दर ठरला तो जुन्या शिक्षणावरून. पदवीधरास अधिक, बारावीस कमी, आणि दहावीत शाळा सुटलेल्यास व छत्तिशीत कारखान्याचे दार बंद झालेल्यास काहीच नाही. ज्याला कौशल्याची गरज सर्वांत मोठी, त्याचाच पाय उंबऱ्याबाहेर राहतो. मुले शाळेत जाऊ लागल्यावर चार पैसे मिळवू पाहणारी गृहिणीही बहुधा त्याच उंबऱ्याबाहेर उभी असते. सिंगापूरने २०२५ पासून चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक सोय केली : त्यांनी निवडक अभ्यासक्रम पूर्णवेळ शिकला, तर पूर्वीच्या सरासरी उत्पन्नाच्या निम्मी रक्कम, ठरावीक मर्यादेत, चोवीस महिन्यांपर्यंत मिळते. ते श्रीमंत राष्ट्र. त्यांचा आकडा आपल्याला झेपणार नाही. पण वय वाढते तशी घराची जबाबदारी वाढते, हे तत्त्व घेण्यास पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती शिकवण्याची. या योजनेतील पुष्कळ उमेदवार सरकारी कार्यालयांत नेमले गेले. तेथे नोंदी करणे, कागद लावणे हीच कामे हाती आली, तर मुदत संपल्यावर त्या तरुणाच्या हातात काय उरते? आम्हांला कायम करा, अशी मागणी घेऊन प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, त्याचे मर्म येथे आहे. त्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण ज्याला दुसरीकडे चालेल असा हुन्नर मिळाला नाही, तो आहे तीच खुर्ची घट्ट धरणार.

कोणी विचारील, पैसे दिले तर लोक शिकण्याचे सोंग करून बसणार नाहीत काय? काही बसतील. त्यावर उपाय चूल विझवण्याचा नाही. हजेरी चोख ठेवण्याचा आणि शेवटी हाताची परीक्षा घेण्याचा आहे. आपल्या शहरात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे, इंडो-जर्मन टूल रूम आहे, हात पारखणारे जुने फोरमन तर गल्लोगल्ली निवृत्त होऊन बसले आहेत. साधनांची वाण नाही.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे : विद्यावेतनाचा दर घराच्या भारावरून ठरावा, दाखल्यावरून नव्हे, वयाचे आणि इयत्तेचे दार रुंद व्हावे, आणि किती जणांस पैसे वाटले यापेक्षा, पैसे बंद झाल्यावर कितीजण स्वतःच्या कसबावर उभे राहिले, हे दरवर्षी मोजून जाहीर व्हावे. मागेल त्याला काम, हे महाराष्ट्राने एकदा म्हणून दाखवले. आता मागेल त्याला हुन्नर, आणि हुन्नर येईपर्यंत भाकरी, असे म्हणण्याची पाळी आली आहे. ते म्हणवून घेण्याचे काम तुमचे आमचे आहे.