गूगल बंद, प्रश्न चालू: कळंब रोडवरचे सायकलवाले

सायकल चालवता चालवता ऐकत असाल तर एक कान मोकळा ठेवा बाप्पा, मागून ट्रक येतात.

बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्ही लोकं रविवारी सकाळी सायकलवर नेमकं करता काय. तर सांगतो. यवतमाळहून नागपूर रोडनं कळंबला जातो, चिंतामणीला हात जोडतो, चहा पितो, परत येतो. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. गणिताचे एक सर, सायकल दुरुस्तीवाले काका, बँकेतल्या मावशी, पांढरकवड्याकडचा एक दादा, बारावीतली एक पोट्टी आणि मी, घरून काम करणारा सॉफ्टवेअरवाला. नियम एकच. निघताना प्रत्येकानं एक प्रश्न टाकायचा. सायकलचा, शब्दाचा, नाहीतर असाच कायचाही. रस्ताभर डोक्यात घोळवायचा आणि उत्तर चहावर. चहा संपेपर्यंत गूगल उघडायचं नाही. मी दिवसभर उत्तरं शोधायचाच पगार घेतो, त्यामुळे हा नियम सर्वांत जड मलेच जातो.

एकदा सरांनी विचारलं, डावं पॅडल उलटं फिरवून का काढावं लागते? मी म्हटलं, पायाच्या फिरण्यानं ते आवळत जावं म्हणून. काका हसले. म्हणे, "छर्रे जाम झाले तर पाय त्याले सैल करते, आवळत नाही." मग त्यांनी सरांच्या खिशातला पेन घेतला, मुठीत सैल धरला आणि त्याचं बाहेरचं टोक गोल फिरवलं. टोक एका बाजूनं फिरते आणि पेन मुठीत स्वतःभोवती उलट्या बाजूनं सरकते! घरी करून बघा, खरंच होते. पॅडलवर आपला भार पडतो तेव्हा त्याचा दांडा त्या भोकात असाच हळूहळू उलटा सरकत असतो. डावीकडे साधे आटे असते तर पॅडल सुटून पडलं असतं, म्हणून तिथं उलटे आटे. काका सातवी शिकलेले आहेत. माझ्या बी.टेक.च्या चार वर्षांत हे कोणी दाखवलं नव्हतं.

चालती सायकल पडत का नाही, यावर तर दोन रविवार गेले. "चाक फिरते म्हणून" एवढं उत्तर पुरत नाही. २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एका संशोधक गटानं दाखवलं होतं की चाकांच्या फिरण्याचा परिणाम काढून टाकला तरी धक्का दिलेली सायकल आपली आपण सावरू शकते. काका म्हणाले, "म्हणजे त्यायलेही पक्कं माहीत नाही." विषय बंद.

शब्दांचे प्रश्न मावशींकडून येतात. सायकल 'ती' का? दादाचं उत्तर मले पटलं. गाडी 'ती', म्हणून सायकलही 'ती'. जुन्या मराठीत तिला पायगाडी म्हणत. दुचाकी हा शब्द तर आता मोटारसायकलवाल्यांनीच नेला. पंक्चर काढायचं 'सुलेशन' म्हणजे इंग्रजीतलं सोल्युशन, हे कळल्यावर पोट्टी म्हणे, "मले वाटे कंपनीचं नाव आहे!" ते सुलेशन आमच्या पिशवीत कायम असते, कारण इकडे सराटे. सराट्याचं बी कसंही पडलं तरी एक काटा वर राहतेच.

कोलामीत सायकलला काय म्हणतात, असं मी दादाला विचारलं होतं. तो घरी कोलामी बोलतो. तो म्हणाला, "सायकलच."

आता त्या पोट्टीचा प्रश्न. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, त्यातली तिची सायकल. गिअर नाही, पण चढावर मला मागे टाकते. तिनं विचारलं, "पुण्याले शिकाले गेली तर मले-तुले बोलू का सोडून देऊ?" एका शिबिरात ती उभं राहून बोलली आणि मागची पोरं हसली होती.

त्या दिवशी चहा दोनदा झाला. सर म्हणाले, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ, 'लीळाचरित्र', तेराव्या शतकात म्हाइंभटांनी आपल्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिला. मावशींनी आठवण दिली की २०१९ मध्ये यवतमाळात ९२वं साहित्य संमेलन झालं तेव्हा उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं, आपल्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या विधवेनं. आणि म्हणाल्या, "मी बँकेत 'मला' म्हणते, घरी 'मले'. दोन्ही येते. काही अडत नाही."

पोट्टी म्हणाली, "पण मावशी, हसतात ते मले. तुमाले नाही."

कोणी काही बोललं नाही. मग दादा बोलला, तो तसा कमीच बोलते. आश्रमशाळेत पोरं चिडवायची म्हणून त्यानं कोलामी बोलणं सोडलं होतं. नोकरी लागल्यावर घरी पुन्हा सुरू केलं. आता त्याची पोरगी सगळं समजते, पण उत्तर मराठीत देते. "तिले मी रागवत नाही," तो म्हणाला, "पण माय फोनवर नातीशी बोलाले लागली की मले मधात बसून सांगा लागते."

सरांचं उत्तर खरं आहे, पण सतरा वर्षांच्या पोरीले म्हाइंभट हॉस्टेलमध्ये वाचवायला येणार नाहीत, असं मला वाटते. दादाचं बोलणं तिनं ऐकलं. तिनं ठरवलं काय ते विचारलं नाही आम्ही. परतीच्या चढावर ती नेहमीसारखी पुढं निघून गेली.

येत्या रविवारचा प्रश्न काकांचा आहे: सायकलनं बाजारात गेलं की लोक "गाडी बिघडली का?" असंच काऊन विचारतात? उत्तर असेल तर व्हॉइस नोट पाठवा. आणि ज्या बोलीत घरी बोलता, त्याच बोलीत पाठवा.